पुस्तक कळते, पण प्रोग्राम वळत नाही: तपासणी आणि उपाय

तक्रार साधारणपणे अशी असते. प्रोग्रामिंगचे प्राथमिक पुस्तक पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत वाचले, उदाहरणे समजली, त्यांतील काही टाइप करून चालवूनही पाहिली. पण रिकामी फाइल उघडून स्वतःचा प्रोग्राम लिहायला बसले की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. अशा वेळी बहुतेक जण दुसरे पुस्तक हाती घेतात. पळसाला पाने तीनच, या न्यायाने त्याचीही पहिली प्रकरणे व्हेरिएबल (किंमत साठवणारे नाव), अट, लूप (त्याच ओळींची पुनरावृत्ती) आणि फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा) यांचीच असतात. ती आता ओळखीची असल्यामुळे भराभर वाचून होतात, प्रगती होत असल्याचे समाधान मिळते, आणि पुस्तकाच्या मध्यावर गाडी पुन्हा त्याच जागी अडते.

ही पुस्तके नवशिक्याला खरोखर कोड लिहायला शिकवतात का, असे विचारल्यास माझे उत्तर असे आहे की ती भाषा शिकवतात, आणि बऱ्याचदा चांगली शिकवतात. मात्र प्रोग्राम रचण्याचे काम त्यांतील बहुतेकांत छापलेलेच नसते. पानावर दिसतो तो पूर्ण झालेला, नीटनेटका, चालणारा प्रोग्राम. त्यातील कोणती ओळ आधी सुचली, कोणती शेवटी घातली, मधल्या काळात तो किती वेळा चुकीचे उत्तर देत होता आणि ते लेखकाच्या कशावरून लक्षात आले, यांपैकी काहीही त्या पानावर उरलेले नसते. वाचणारा वरून खाली वाचत जातो आणि प्रोग्राम लिहिलाही त्याच क्रमाने जातो असे गृहीत धरतो. इथेच घोडे पेंड खाते.

तथापि ही एकच तक्रार चार निरनिराळ्या बिघाडांतून उद्भवू शकते आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. म्हणून नवे पुस्तक शोधण्यापूर्वी जुन्याच पुस्तकावर पुढील तपासणी करावी.

तपासणी

लूपच्या प्रकरणातील दहा ते वीस ओळींचे, तुम्हाला पूर्ण समजले आहे असे वाटणारे एक उदाहरण निवडावे. ते हाताने टाइप करून चालवावे आणि पुस्तकात दिलेले आउटपुट जसेच्या तसे येते का ते पाहावे. त्यानंतर त्यातील एखादी संख्या किंवा अट बदलावी आणि प्रोग्राम चालवण्यापूर्वी आता काय छापले जाईल ते कागदावर लिहावे. मग चालवून ताडून पाहावे. तिसऱ्या टप्प्यात पुस्तक आणि फाइल दोन्ही बंद करावीत, तो प्रोग्राम काय करतो हे एका वाक्यात लिहावे, आणि केवळ त्या वाक्यावरून तो नव्याने लिहावा. शेवटी चालणाऱ्या प्रोग्राममधील एखादा कंस किंवा एखादे नाव मुद्दाम बिघडवावे आणि येणारा एररचा संदेश वाचून तो नेमके कुठे बोट दाखवतो आहे हे सांगता येते का ते पाहावे.

ज्या टप्प्यावर तुम्ही प्रथम अडखळाल तो तुमचा बिघाड. एकाहून अधिक ठिकाणी अडखळल्यास क्रम मोडू नये, कारण दुसऱ्या टप्प्यावर अडणाऱ्याने तिसऱ्याचे उपाय कितीही केले तरी ते पालथ्या घड्यावर पाणी ठरते.

पहिल्याच टप्प्यावर अडल्यास: पुस्तक आणि संगणक जुळत नाहीत

हा सर्वांत सोपा बिघाड आहे. पण यात विद्यार्थी स्वतःच्या बुद्धीला दोष देतो, म्हणून तो सर्वांत क्लेशकारकही आहे. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेची ३.० ही आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली आणि पायथन २ ला मिळणारा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. या दोहोंमध्ये नवशिक्याच्या पहिल्याच पानावर आदळणारे फरक आहेत. जुन्या आवृत्तीत छापण्याची आज्ञा कंसाशिवाय लिहिली जात असे. नव्या आवृत्तीत ते फंक्शन झाले असून कंस अनिवार्य आहेत. जुन्या आवृत्तीत ७ ला २ ने भागल्यावर ३ मिळत असे, नव्या आवृत्तीत ३.५ मिळतात. पहिला फरक निदान एरर तरी देतो. दुसरा काहीही न बोलता वेगळे उत्तर देतो, आणि ‘आपले काहीतरी चुकले’ असे समजून वाचणारा अचूक प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो.

सी भाषेतही हेच घडते. टर्बो सी या जुन्या कंपाइलरच्या (प्रोग्राम संगणकाच्या भाषेत उतरवणाऱ्या साधनाच्या) काळातील पुस्तकांत पूर्णांकासाठी १६ बिट धरलेले असतात, त्यामुळे त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या ३२७६७ असते. त्या कंपाइलरवर साध्या पूर्णांकात ८ चे फॅक्टोरियल (१ ते ८ चा गुणाकार) काढले तर ४०३२० ऐवजी उणे २५२१६ मिळतात. आजच्या नेहमीच्या कंपाइलरवर ४०३२० हेच उत्तर येते. त्या पुस्तकांतील स्क्रीन पुसण्याची आज्ञा ज्या कोनिओ हेडर फाइलमधून येते, ती सीच्या प्रमाणित लायब्ररीचा भाग कधीच नव्हती. त्यामुळे नव्या कंपाइलरवर असे उदाहरण सुरूच होत नाही.

आणखी दोन खोड्या अगदी किरकोळ आहेत, पण पुष्कळांना अडवतात. पुस्तक टर्टल नावाचे मॉड्यूल (तयार कोडचा संच) आयात करायला सांगते आणि विद्यार्थी आपली फाइलही टर्टल याच नावाने साठवतो. मग पायथन स्वतःच्या मॉड्यूलऐवजी त्याच फोल्डरमधील ही फाइल आयात करतो आणि ‘या मॉड्यूलमध्ये असे काही नाही’ अशा अर्थाची एरर देतो. रँडम मॉड्यूलच्या बाबतीतही हेच होते. फाइलचे नाव बदलले की प्रश्न मिटतो. दुसरी खोडी ई-पुस्तकातून कॉपी-पेस्ट करणाऱ्यांची. सुबक छपाईसाठी वापरलेली वळणदार अवतरणचिन्हे भाषेला चालत नाहीत, सरळ चिन्हेच लागतात, आणि हा फरक डोळ्यांना सहसा दिसत नाही. हाताने टाइप करावे, असे मी सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

उपाय सरळ आहे. पुस्तक कोणत्या आवृत्तीसाठी लिहिले आहे ते प्रस्तावनेत पाहावे, संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते पाहावे, आणि दोन्ही जुळत नसतील तर पुस्तकाची नवी आवृत्ती मिळवावी. जुने पुस्तक मनातल्या मनात नव्या भाषेत उतरवत वाचणे जाणकाराला जमते. नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये.

दुसऱ्या टप्प्यावर अडल्यास: वाचता येते, असा केवळ भास आहे

पुढील तीन ओळी पाहाव्यात. भाषा कोणतीही असो, रचना हीच राहते, म्हणून त्या मराठीतच लिहिल्या आहेत.

अ = ५
ब = अ
अ = ८

आता ब ची किंमत किती? ज्यांनी बरोबरचे चिन्ह शाळेतील बीजगणितात शिकले आहे, त्यांच्यापैकी काहींचे उत्तर ८ असे येते, कारण ‘ब हा अ इतका आहे’ हे विधान त्यांच्या दृष्टीने कायमचे खरे असते. प्रोग्राममध्ये मात्र ते विधान नसून एकदाच पार पडणारी कृती आहे: त्या क्षणी अ मध्ये जी किंमत होती ती ब ला मिळाली, आणि पुढे अ चे काय झाले याच्याशी ब ला देणेघेणे उरले नाही. उत्तर ५. पुस्तकात हे एका परिच्छेदात सांगितलेले असते, वाचणारा मान डोलावतो, आणि दहा प्रकरणांनंतरही त्याच्या डोक्यात बीजगणितच राज्य करत असते.

थोडे मोठे उदाहरण घेऊ. यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधायची आहे.

मोठी = ०
यादीतील प्रत्येक संख्येसाठी:
    जर संख्या > मोठी:
        मोठी = संख्या
मोठी छापा

४, ९, २ ही यादी दिली तर ‘मोठी’ची किंमत अनुक्रमे ०, ४, ९, ९ अशी होते आणि ९ छापले जातात. प्रोग्राम बरोबर दिसतो. आता उणे ७, उणे ३, उणे १२ ही यादी घेऊन प्रत्येक फेरीला ‘मोठी’ची किंमत कागदावर लिहावी. पहिल्या फेरीत उणे ७ शून्याहून मोठे आहे का? नाही. उणे ३? नाही. उणे १२? तेही नाही. शेवटी ० छापले जाते, जो यादीत मुळातच नाही. सुरुवातीची किंमत शून्याऐवजी यादीतील पहिली संख्या हवी होती. कोड सफाईने डोळ्यांखालून घालणाऱ्याला ही चूक दिसत नाही. कागदावर तक्ता मांडणाऱ्याच्या ती दुसऱ्या मिनिटाला पदरात पडते.

या कागदी कामाला ट्रेसिंग किंवा ड्राय रन म्हणतात, आणि हे येत नसणे ही फार पसरलेली उणीव आहे. २००४ मध्ये संशोधक रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतील प्रोग्रामिंगच्या नवशिक्या विद्यार्थ्यांना कोड लिहायला न सांगता केवळ वाचायला दिला. थोड्या ओळी वाचून त्यांचा परिणाम सांगणे किंवा अर्धवट कोडसाठी योग्य ओळ निवडणे एवढेच काम होते, आणि त्यातही पुष्कळ विद्यार्थी कच्चे आढळले. ज्याला दुसऱ्याच्या दहा ओळींचा परिणाम सांगता येत नाही त्याला स्वतःच्या दहा ओळी लिहिता याव्यात ही अपेक्षाच अवाजवी आहे.

याच्या मुळाशी आणखी एक समजूत असते. संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांचा अभ्यास मांडताना असे दाखवले की अनेक चुकांच्या तळाशी एकच कल्पना दडलेली असते: संगणकाच्या आत कोणीतरी समंजस बसलेले आहे आणि आपल्याला काय म्हणायचे आहे ते त्याला उमगते. व्हेरिएबलला ‘मोठी’ असे नाव दिले की त्यात मोठी संख्या आपोआप येईल, असे कोणी उघडपणे म्हणत नाही. पण वाचताना मन नेमके तेच करत असते. नाव बदलून ‘टोपली’ ठेवावे आणि तोच प्रोग्राम पुन्हा वाचावा. जेवढे समजेनासे झाले, तेवढे पूर्वीही समजले नव्हते.

पुस्तक पुन्हा वाचून हा बिघाड दूर होत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये गद्य उताऱ्यांवर केलेल्या प्रयोगांत, पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा उतारा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे गेले. उतारे गद्याचे होते, कोडचे नव्हते, तरी पुनर्वाचनातून येणारा आत्मविश्वास किती अल्पजीवी असतो हे त्यातून कळते. म्हणून पुढच्या प्रकरणाकडे जाण्यापूर्वी चालू प्रकरणातील प्रत्येक लूप कागदावर चालवावा. प्रत्येक व्हेरिएबलला एक स्तंभ, प्रत्येक फेरीला एक ओळ, आणि ओळ भरून झाल्याशिवाय पुढच्या ओळीकडे पाहायचे नाही. काम कंटाळवाणे आहे खरे, पण काही दिवसांत तक्ता डोक्यात मांडता येऊ लागतो आणि कागदाची गरज केवळ गुंतागुंतीच्या ठिकाणी उरते.

तिसऱ्या टप्प्यावर अडल्यास: कोरी फाइल

ज्यांना वाचता येते, परिणाम सांगता येतो, आणि तरीही लिहिता येत नाही, त्यांची संख्या मोठी आहे. पुस्तके या जागी सर्वांत कमी मदत करतात. नुसती पुस्तकेच कशाला, वर्गही याला अपवाद नाहीत. मायकेल मॅक्क्रॅकन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार विद्यापीठांतील, प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण करत आलेल्या २१६ विद्यार्थ्यांना साध्या कॅल्क्युलेटरच्या धर्तीचे प्रोग्राम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण सुमारे २२.९ पडले. ज्यांना शिक्षक होते, प्रयोगशाळा होती आणि परीक्षेचा धाकही होता, त्यांची ही स्थिती. एकट्याने पुस्तक वाचणाऱ्याने स्वतःला मठ्ठ समजण्याचे काहीच कारण नाही.

नेमके काय अडते ते पाहण्यासाठी एलियट सोलोवे यांनी १९८०च्या दशकात वापरलेला एक प्रश्न उपयोगी आहे. पर्जन्यमानाचा प्रश्न या नावाने तो ओळखला जातो. वापरकर्ता एकामागून एक संख्या देतो, ९९९९९ दिल्यावर थांबायचे, आणि तोपर्यंत आलेल्या संख्यांची सरासरी छापायची. संख्या वाचणे पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात असते, भागाकार त्याच्या आसपास, अट पुढच्या प्रकरणात, लूप त्याच्या पुढे. सगळे सुटे भाग वाचणाऱ्याच्या ओळखीचे आहेत. ते एकमेकांत कसे बसवायचे, याचे प्रकरण मात्र कुठेच नसते, आणि सोलोवे यांचे म्हणणेही साधारण हेच होते की नवशिक्याला भाषेच्या रचनांपेक्षा त्यांची जुळणी अधिक जड जाते.

हा प्रश्न एका बैठकीत वरपासून खालपर्यंत लिहायला घेतला की ठरावीक चुका होतात. ९९९९९ हीच संख्या बेरजेत मिसळते. मोजणी एकाने पुढे जाते. पहिलीच संख्या ९९९९९ दिली तर शून्याने भागायची वेळ येते. या चुका टाळण्याची युक्ती हुशारीत नसून कामाच्या क्रमात आहे, म्हणून तो क्रम सविस्तर पाहू.

आधी संगणक बंद ठेवून हाताने करावे. १०, २०, ६०, ९९९९९ अशा संख्या आल्या. उत्तर ३० आले. हे काढताना डोक्यात काय काय धरून ठेवावे लागले? बेरीज, म्हणजे ९०. आणि किती संख्या झाल्या, म्हणजे ३. या दोन गोष्टी म्हणजेच दोन व्हेरिएबल. ‘कोणती व्हेरिएबल घ्यायची हे कसे कळते’ असा प्रश्न नवशिके नेहमी विचारतात, आणि पुस्तक त्याचे उत्तर देत नाही, कारण तिथे व्हेरिएबल पहिल्याच ओळीत आयती हजर असतात. हाताने करताना जे लक्षात ठेवावे लागते तेच व्हेरिएबलमध्ये जाते. मनातल्या मनात केलेले काम लिहून काढल्याशिवाय ती सापडत नाहीत.

आता संगणकावर केवळ एक संख्या वाचून ती छापणारा प्रोग्राम लिहावा आणि चालवावा. पोरखेळ वाटतो, पण त्यात पायथनमध्ये वाचलेली संख्या मजकुराच्या रूपात येते आणि तिचे पूर्णांकात रूपांतर करावे लागते, ही अडचण आत्ताच, एकटी समोर येते. पंधरा ओळींच्या गर्दीत ती सापडायला वेळ लागला असता. त्यानंतर ९९९९९ येईपर्यंत संख्या वाचून छापत राहणारा प्रोग्राम करावा, बेरीज नाही, मोजणी नाही. ९९९९९ ही संख्याही छापली जात असेल, तर वाचणे, तपासणे आणि वापरणे यांचा क्रम चुकला आहे हे इथेच दिसते. तो आधी नीट करावा. मग बेरीज घालावी आणि प्रत्येक फेरीला ती छापून पाहावी. मग मोजणी. मग भागाकार. सर्वांत शेवटी, पहिलीच संख्या ९९९९९ असेल तर काय, याची अट. कोणत्याही टप्प्यावर दोन-तीन ओळींहून अधिक भर पडत नाही आणि प्रत्येक टप्प्यानंतर प्रोग्राम चालतो. अखेरीस हाती येते ते असे:

बेरीज = ०
किती = ०
संख्या = वाचा
जोपर्यंत संख्या ≠ ९९९९९:
    बेरीज = बेरीज + संख्या
    किती = किती + १
    संख्या = वाचा
जर किती > ०:
    बेरीज / किती छापा
नाहीतर:
    ‘एकही संख्या मिळाली नाही’ छापा

यातील ‘संख्या = वाचा’ ही ओळ दोनदा आली आहे. पुस्तकात हा प्रोग्राम तयार वाचणाऱ्याला तिचे काहीच वाटत नाही. स्वतः रचणाऱ्याला ती दोनदा का लागते हे पक्के ठाऊक असते: पहिल्यांदा लिहिली नाही तर अटीला तपासायला काहीच नसते, आणि लूपच्या आतली विसरली तर तीच संख्या पुन्हापुन्हा बेरजेत पडत राहते आणि प्रोग्राम थांबतच नाही. त्याने तो न थांबणारा प्रोग्राम एकदा स्वतः बंद पाडलेला असतो. छापील पान जे देऊ शकत नाही ते हे ज्ञान.

यावरून उदाहरणे वाचण्यात वेळ फुकट जातो असा अर्थ काढू नये. स्वेलर आणि कूपर यांनी १९८५ मध्ये बीजगणिताच्या बाबतीत दाखवले होते की अगदी नवख्याला सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासल्याने फायदा होतो. सुरुवातीलाच उघड्या प्रश्नाशी झुंजायला लावल्यास त्याची शक्ती भलतीकडेच खर्च होते. अडचण आहे ती उदाहरणाकडून कोऱ्या फाइलकडे एकदम उडी मारावी लागण्याची. मधल्या पायऱ्या स्वतः बांधता येतात. एक पायरी म्हणजे उदाहरणाच्या ओळी कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून त्या मिसळाव्यात आणि पुन्हा योग्य क्रमाने, योग्य समासासह (ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेसह) लावाव्यात. डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या कोड्यांचा गाभा हाच आहे. त्यात दोन-तीन अनावश्यक ओळींच्या चिठ्ठ्याही मिसळल्या तर काम अधिक कसाचे होते. दुसरी पायरी फेरफारांची: वरील सरासरीचाच प्रोग्राम उणे संख्या वगळणारा करावा, मग सरासरीबरोबर सर्वांत मोठी संख्या छापणारा करावा, मग सरासरीहून मोठ्या किती संख्या आल्या ते सांगणारा करावा. शेवटच्या फेरफाराशी आल्यावर संख्या साठवून ठेवल्याशिवाय गत्यंतर नाही हे आपोआप कळते, आणि याद्यांचे प्रकरण कशासाठी आहे तेही.

कोड लिहून देणाऱ्या साधनांविषयी इथेच एक सांगतो. तिसऱ्या टप्प्यावर अडलेल्याने त्यांच्याकडून उत्तर मागवले तर आणखी एक पूर्ण झालेला, नीटनेटका, चालणारा प्रोग्राम मिळतो. म्हणजे पुस्तकात ज्याची मुळीच उणीव नव्हती तेच. त्यापेक्षा आपल्या अर्धवट प्रोग्राममध्ये पुढची दोन ओळींची पायरी कोणती, एवढेच विचारावे.

चौथ्या टप्प्यावर अडल्यास: एररचा संदेश

पुस्तकांत चुकीचे प्रोग्राम क्वचितच छापलेले असतात, त्यामुळे एररचे संदेश वाचण्याचा सराव होत नाही आणि संदेश आला की तो न वाचता कोडमध्ये इकडेतिकडे बदल करून पाहण्याची खोड लागते. पायथनमधला लांबलचक संदेश खालून वाचावा. शेवटच्या ओळीत काय झाले ते असते आणि तिच्या वर कुठे झाले ते. दाखवलेली ओळ निर्दोष दिसली तर आधीची ओळ पाहावी. सी मध्ये अर्धविराम विसरला की कंपाइलर अनेकदा त्याच्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवतो, कारण चूक त्याच्या लक्षातच तिथे आल्यावर येते. न मिटलेल्या कंसाच्या बाबतीत पायथनही असेच करत असे. २०२१ मध्ये आलेल्या ३.१० पासून मात्र कोणता कंस मिटवला गेला नाही हे तो नेमके सांगतो.

उपाय म्हणजे मुद्दाम मोडणे. चालणाऱ्या प्रोग्राममधून एका वेळी एकच गोष्ट काढावी, कधी कंस, कधी अपूर्णविराम, कधी व्हेरिएबलच्या नावातील एक अक्षर, कधी समास, आणि कोणत्या मोडीला कोणता संदेश येतो ते वहीत लिहावे. संदेश न देता चुकीचे उत्तर येते तेव्हा लूपच्या आत व्हेरिएबल छापून, छापलेल्या किमती दुसऱ्या टप्प्यातील कागदी तक्त्याशी ताडाव्यात. जिथे प्रथम फरक दिसतो तिथेच चूक असते. तक्ता करता येत नसेल तर हा उपाय लागू पडत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे.

पुस्तक बदलणे केव्हा योग्य

कधीकधी दोष खरोखर पुस्तकाच्या निवडीत असतो. कर्निघन आणि रिची यांचे सी भाषेवरील पुस्तक १९७८ मध्ये आले, त्याची दुसरी आवृत्ती १९८८ मध्ये. पहिला प्रोग्राम म्हणून पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ छापण्याची प्रथा त्यानेच सर्वदूर नेली. नवशिके ते आजही आदराने उचलतात आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत दमतात. प्रस्तावनेत लेखकांनी स्वच्छ लिहिले आहे की हे प्रोग्रामिंगचे प्राथमिक पुस्तक नसून व्हेरिएबल, लूप, फंक्शन अशा मूलभूत कल्पनांची थोडीफार ओळख त्यात गृहीत धरली आहे. प्रस्तावना न वाचण्याची किंमत अशी मोजावी लागते.

पुस्तक पारखताना उदाहरणांपेक्षा स्वाध्याय पाहावेत. प्रकरणातील उदाहरणात एखादा आकडा बदलला की सुटतात असेच सगळे स्वाध्याय असतील, तर ते पुस्तक तिसऱ्या टप्प्यापर्यंत नेणार नाही. दोन-तीन प्रकरणांतील गोष्टी एकत्र लागतील असे प्रश्न असावेत. एखादा प्रोग्राम आधी अपुरा किंवा चुकीचा लिहून मग सुधारत नेलेला असेल तर पुस्तक अवश्य घ्यावे. असे लेखक थोडे आहेत. ठरावीक दिवसांत किंवा तासांत प्रोग्रामिंग शिकवण्याची हमी देणाऱ्या शीर्षकांबद्दल संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्व्हिग यांनी २००१ मध्ये एक निबंध लिहून त्याच्या शीर्षकातच दहा वर्षे ही मुदत सुचवली होती. ती थोडी चेष्टेने दिली असली तरी पहिल्या मुदतीपेक्षा वास्तवाच्या जवळ आहे.

तिसरा टप्पा पार झाला असेल, म्हणजे वीस-तीस ओळींचा प्रोग्राम केवळ वर्णनावरून लिहून चालवता येत असेल, तर उरलेली प्रकरणे क्रमाने वाचण्याचे बंधन सोडून द्यावे. स्वतःला हवा असलेला एखादा लहान प्रोग्राम वरच्यासारखाच तुकड्यातुकड्याने रचायला घ्यावा. तो बंद केल्यावर दिलेली माहिती नाहीशी होते हे खटकू लागले की फाइलींचे प्रकरण उघडावे. त्याच चार ओळी तिसऱ्यांदा लिहाव्या लागल्या की फंक्शनचे प्रकरण पुन्हा वाचावे.